फ्लो सायटोमीटर आहेच, टेलोमियरची लांबी आता नीट मोजायला घ्या

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातील वैद्यकीय महाविद्यालये व मोठी रुग्णालये येथील रक्तविकार विभागप्रमुख आणि फ्लो सायटोमेट्री प्रयोगशाळांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

अप्लास्टिक अनिमियाच्या (मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, रक्तपेशी बनवेनाशी होते तो आजार) तरुण रुग्णांच्या कागदपत्रांत हल्ली मधूनच असा अहवाल दिसतो: 'टेलोमियर लांबी, टी/एस गुणोत्तर ०.७, वयाच्या मानाने कमी.' टेलोमियर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरचा, पुनरावृत्तीचा डीएनए; टी/एस म्हणजे त्याचे एका ठरावीक जनुकाशी गुणोत्तर. पद्धत क्यूपीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजणे. कोणत्या पेशींत मोजले, नमुना किती तासांचा होता, 'वयाच्या मानाने' म्हणजे नेमके कोणाच्या मानाने, यांतले काहीच कागदावर नसते. एटीजी (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) द्यायचे की नाही, सख्ख्या भावाला मॅरोचा दाता म्हणून घ्यायचे की नाही, हे या आकड्यावरून ठरवता येत नाही. तरीही त्यावरून ठरवले, तर चूक थेट रुग्णाच्या अंगावर येते. म्हणून हे पत्र.

आमची मागणी एकच आहे. आनुवंशिक टेलोमियर विकारांच्या निदानासाठी लांबी मोजायची तर ती फ्लो-फिशने (टेलोमियरला चमकणारा प्रोब लावून फ्लो सायटोमीटरवर मोजणे), ताज्या रक्तातल्या जिवंत पेशींवर, लिम्फोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून मोजावी आणि वयानुसार पर्सेंटाइलमध्ये कळवावी. ल्युकेमियाच्या तपासणीसाठी फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीचा उजेड मोजणारे यंत्र) आपल्यापैकी बहुतेकांकडे आहे. खरी अडचण नमुना यंत्रावर चढण्याआधीच्या कामात आहे, आणि अहवालाच्या पाठीशी निरोगी लोकांचा आलेख नसण्यात आहे.

टेलोमियरचे जीवशास्त्र आपल्याला सांगायला नको. तरी एक गोष्ट विभागाविभागांच्या भिंतींत हरवते, ती पुन्हा लिहितो. डीकेसी-१ हे जनुक १९९८ साली डिस्केराटोसिस कंजेनिटाशी (त्वचा, नखे, तोंड आणि मॅरो बिघडवणारा आनुवंशिक टेलोमियर विकार) जोडले गेले, टर्क हे जनुक २००१ साली. २००५ साली टर्ट या जनुकातले बदल वरकरणी 'मिळवलेल्या' अप्लास्टिक अनिमियात सापडले आणि २००७ साली हीच टर्ट-टर्क जोडी कौटुंबिक फुप्फुस-फायब्रोसिसमध्ये (फुप्फुसात व्रण पडून ते कडक होणे) निघाली. म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाकडे नखे खराब झालेले मूल, आपल्याकडे प्लेटलेट कमी आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) वाढलेला तिशीतला तरुण, छातीच्या डॉक्टरांकडे पंचावन्न वर्षांचे धाप लागणारे गृहस्थ आणि यकृताच्या ओपीडीत कारण न सापडलेला सिरोसिस, हे सगळे एकाच घरातले असू शकतात. पिढीगणिक टेलोमियर आणखी आखूड होतात, त्यामुळे नातवाचा आजार आजोबांपेक्षा लवकर आणि वेगळ्या रूपात येतो.

आपल्या भागात तीन चकवे ठरलेले आहेत. तोंडातला पांढरा चट्टा दिसला की तंबाखू, मिश्री, गुटखा, विदर्भात खर्रा, यांच्या नावावर तो खपतो. मोठ्यांत ते बहुधा बरोबरही असते. पण ज्या मुलाने या कशालाही हात लावलेला नाही त्याच्या जिभेवरचा चट्टा तंबाखूचा कसा असेल? दुसरा चकवा नखांचा: उभ्या रेघा पडलेली, फाटणारी, हळूहळू नाहीशी होणारी नखे वर्षानुवर्षे 'नखाची बुरशी' म्हणून औषध घेतात, आणि बुरशी खरेच आहे का ते पाहणारी केओएच तपासणी कोणी केलेली नसते. तिसरा फुप्फुसाचा. एक्स-रेवर सावली दिसली की थुंकीत जंतू न सापडताच क्षयाची औषधे सुरू होतात आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) होईपर्यंत वर्ष निघून जाते. इतिहास घेताना केस कधी पांढरे झाले हा प्रश्न जरूर विचारा. विशी-पंचविशीत आई किंवा मामा पूर्ण पांढरा झाला असेल तर ती माहिती लाखमोलाची आहे, आणि ती फुकट मिळते.

निदानाने उपचार बदलतो, म्हणूनच एवढा आग्रह. टेलोमियर विकारातल्या मॅरो फेल्युअरला एटीजी आणि सायक्लोस्पोरिनने सहसा टिकाऊ प्रतिसाद मिळत नाही. पैसा जातो, संसर्ग होतात आणि प्रत्यारोपणाची वेळ हुकते. अँड्रोजेनला (पुरुषी संप्रेरकांसारख्या औषधांना) मात्र यांतल्या अनेकांत प्रतिसाद मिळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात डॅनाझॉल हे अँड्रोजेन दिवसाला ८०० मिलिग्रॅम दिले होते आणि तीन महिन्यांत मोजता आलेल्या २४ पैकी १९ रुग्णांत रक्तघटक सुधारले. यकृताच्या चाचण्या, लिपिड आणि यकृताची सोनोग्राफी यांवर लक्ष ठेवावे लागते. अँड्रोजेनच्या जोडीला जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारे औषध) देऊ नये, कारण प्लीहा फाटल्याच्या नोंदी आहेत. प्रत्यारोपणाचे कंडिशनिंग (आधीची औषधतयारी) सौम्य ठेवावे लागते. बुसल्फान आणि पूर्ण शरीराला रेडिएशन टाळावे लागते, नाहीतर मॅरो रुजतो आणि पुढे फुप्फुस व यकृत दगा देतात. फुप्फुस-फायब्रोसिसमध्ये टेलोमियर आखूड असतील तर प्रेडनिसोलोन-अझाथायोप्रिनने नुकसान होते, हेही आता अभ्यासांत दिसले आहे.

आता पद्धत. फ्लो-फिश १९९८ साली व्हँकुव्हरमधल्या पीटर लान्सडॉर्प यांच्या गटाने मांडली. टीटीएजीजीजी या पुनरावृत्तीला जुळणारा, फ्लुरेसिन हा चमकणारा रंग लावलेला पीएनए (डीएनएसारखा कृत्रिम रेणू) प्रोब पेशीत शिरवायचा आणि दर पेशीमागे उजेड किती ते मोजायचे. पीएनएच्या कण्यावर विद्युतभार नसतो, म्हणून तो अगदी कमी मिठातही डीएनएला घट्ट चिकटतो. तितक्या कमी मिठात डीएनएचे दोन धागे एकमेकांना पुन्हा जुळू शकत नाहीत. साधा डीएनए प्रोब वापरून पैसे वाचवू पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे; तिथे प्रोबला जागा मिळण्याआधीच धागे मिटतात.

अमोनियम क्लोराइडने तांबड्या पेशी फोडून पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. दर नमुन्याच्या किमान चार ट्यूब लावाव्यात, दोन प्रोबसह आणि दोन प्रोबविना. प्रोबविना ट्यूब वाचवण्याचा मोह होतो, पण टेलोमियरचा उजेड मुळात इतका मंद आहे की पेशीची स्वतःची चमक त्यातला मोठा वाटा खाते. ती वजा केली नाही तर ग्रॅन्युलोसाइट खोटेच लांब दिसतात. हायब्रिडायझेशनच्या द्रावात सुमारे ७० ते ७५ टक्के फॉर्मामाइड, थोडे ट्रिस, २० मिलिमोलर मीठ, १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) आणि मिलिलिटरला ०.३ मायक्रोग्रॅम प्रोब. ८७ अंशांवर १५ मिनिटे, मग अंधारात खोलीच्या तापमानाला दीड तास. त्यानंतर फॉर्मामाइड असलेल्या द्रावाने धुणे, शेवटी फॉर्मामाइडविना धुणे, अँटिबॉडी, आणि डीएनए मोजण्यासाठी एलडीएस-७५१ हा रंग अगदी विरळ.

बिघडते ते बहुतेक इथेच. वॉटर बाथचा आकडा ८७ दाखवतो, पण ट्यूबच्या आतला द्राव ८२ वरच असतो, कारण जाड रॅक, थंड ट्यूब आणि अर्धवट भरलेले पाणी. धागे पुरते सुटत नाहीत, प्रोब कमी बसतो आणि निरोगी माणसाचा टेलोमियर आखूड निघतो. म्हणून एका ट्यूबमध्ये तेवढेच द्राव भरून त्यात तापमापकाची तार बुडवून दर आठवड्याला नोंद ठेवा. तापमान जास्त झाले तर पेशींचे गोळे होतात आणि निम्म्या पेशी धुण्यातच जातात. फॉर्मामाइड जुने झाले की त्याचे फॉर्मिक आम्ल आणि अमोनिया होतात, पीएच ढळतो आणि पेशींची चमक वाढते. छोट्या भागांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा, एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. ते गर्भाला घातक आहे. काम फ्यूम हूडमध्येच व्हावे आणि गरोदर तंत्रज्ञाला या बाकावर बसवू नये. प्रोबची नवी बाटली उघडली की जुन्या बाटलीसोबत तेच नमुने समांतर लावल्याशिवाय ती रुग्णांसाठी वापरू नये. धुण्यात शेवटचे थेंब ओढताना पेशी सांडतात, तिथे घाई करणारा हात लगेच ओळखू येतो: त्याच्या जोड-ट्यूब कधी जुळत नाहीत.

अँटिबॉडी निवडताना एरवीचे पॅनेल तसेच उचलू नका. गरम फॉर्मामाइडनंतर पृष्ठभागावरची अनेक प्रथिने ओळखू येण्याजोगी उरत नाहीत. सीडी-४५-आरए, सीडी-२० आणि सीडी-५७ टिकतात. त्यांवरून नवख्या टी पेशी, अनुभवी टी पेशी, बी पेशी आणि एनके पेशी वेगळ्या काढता येतात. सुरुवात करणाऱ्या प्रयोगशाळेने सहा गटांच्या मागे लागू नये. लिम्फोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट हे दोनच गट आकार, कणीदारपणा आणि एलडीएस यांवरून चोख काढले तरी बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळतात.

अंतर्गत मापकाचा प्रश्न मात्र आपल्याकडे वेगळा आहे. मूळ पद्धतीत प्रत्येक ट्यूबमध्ये गाईच्या थायमस या छातीतल्या ग्रंथीच्या, फॉर्माल्डिहाइडने स्थिर केलेल्या पेशी घालतात. त्यांचे टेलोमियर माणसापेक्षा लांब आणि त्यांची लांबी सदर्न ब्लॉटने (डीएनएचे तुकडे जेलवर पसरून मोजण्याची पद्धत) आधीच मोजलेली असते, त्यामुळे उजेडाचे रूपांतर किलोबेसमध्ये (हजार बेस-जोड्यांच्या एककात) करता येते आणि एखादी ट्यूब बिघडली तर लगेच कळते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैल, वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी असल्यामुळे कत्तलखान्यातून हा थायमस मिळण्याचा मार्ग बंद आहे. स्थिर केलेल्या पेशी बाहेरून आणायच्या तर प्राणिजन्य मालाच्या आयातीचे परवाने लागतात. १३०१ ही प्रयोगशाळेत सतत वाढवता येणारी मानवी टी पेशींची ओळ हा दुसरा पर्याय. तयार किटमध्ये तीच सुचवलेली असते. तिचे टेलोमियर फार लांब आहेत आणि ती टेट्राप्लॉइड (गुणसूत्रांचे दोनऐवजी चार संच असलेली) आहे, म्हणून डीएनए इंडेक्सची दुरुस्ती केल्याशिवाय गणित चुकते. ती प्रत्येक खेपेला एकाच टप्प्यावर गोळा करावी लागते, नाहीतर विभाजनाच्या मधल्या पेशी शिरतात. म्हशीचा थायमस वापरायची कल्पना कोणी मांडली तर आमची हरकत नाही. पण म्हैस म्हणजे गाय नव्हे. आधी त्या पेशींची लांबी सदर्नने मोजा, वेगवेगळ्या जनावरांत ती किती बदलते ते पाहा, मगच मापक म्हणा. कोणताही मार्ग घेतला तरी एका निरोगी माणसाच्या गोठवलेल्या लिम्फोसाइटची भरपूर नळकांडी करून प्रत्येक बॅचमध्ये एक लावा. तिचा आकडा ५ टक्क्यांपेक्षा जास्त सरकला तर त्या दिवशीचा एकही अहवाल बाहेर जाऊ देऊ नका.

नमुना. ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारे द्रव्य) ५ ते १० मिलिलिटर, लहान मुलांत जमेल तेवढे. खोलीच्या तापमानाला, २४ तासांत पोचले तर उत्तम, ४८ तासांनंतर ग्रॅन्युलोसाइटच्या आकड्यावर विसंबू नये. फ्रिजमध्ये नको, बर्फावर तर मुळीच नको. गडचिरोलीहून किंवा सिंधुदुर्गातून निघालेले रक्त मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत किती तापते याचा विचार करा. थर्माकोलचा डबा आणि त्यात साधे पाण्याचे, न गोठवलेले पाऊच एवढ्याने काम भागते. शुक्रवारी, गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आदल्या दिवशी रक्त काढू नये. फॅन्कोनी अनिमिया या दुसऱ्या आनुवंशिक मॅरो विकारासाठी क्रोमोसोम ब्रेकेज तपासणी तशीही पाठवायची असते. त्याच बैठकीत तिची हेपरिनची ट्यूब आणि ही ईडीटीएची ट्यूब एकदम घ्या.

मागणीपत्रकावर चार गोष्टी हव्यात: वय, रुग्णाला शेवटचे रक्त कधी चढवले, केमोथेरपी किंवा प्रत्यारोपण झाले का, आणि त्या दिवसाचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तात दात्याचे टेलोमियर असतात, तिथे ही तपासणी रुग्णाबद्दल काहीच सांगत नाही. रक्तात ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कोवळ्या पेशी) असतील तर थांबा. न्यूट्रोफिल फारच कमी असतील तर ग्रॅन्युलोसाइटच्या रकान्यात 'अहवालास अपुरे' असे लिहा. शंभर पेशींवरून काढलेला आकडा छापण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

निरोगी लोकांच्या आलेखाशिवाय यातले काहीही उपयोगाचे नाही. टेलोमियर जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत झपाट्याने आणि नंतर संथपणे आखूड होतात. म्हणून वीस तंत्रज्ञ आणि निवासी डॉक्टरांचे रक्त घेऊन केलेली 'नॉर्मल रेंज' ही पंचविशीतल्या लोकांचीच रेंज ठरते, तिच्यावर चार वर्षांच्या मुलाला तोलता येत नाही. प्रसूतिकक्षातून नाळेचे रक्त, बालशल्य विभागातून हर्नियासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेआधी घेतलेल्या रक्तातला उरलेला भाग, रक्तपेढीतले दाते, आणि साठीच्या पुढचे निरोगी नातेवाईक असे प्रत्येक दशकात किमान वीस-पंचवीस जण तरी हवेत. नीतिसमितीची मंजुरी आणि संमतीपत्र अर्थातच. एका संस्थेला हे जड जाईल. मुंबई, पुणे, नागपूर अशा दोन-तीन ठिकाणी एकाच कार्यपद्धतीने, एकाच प्रोब-बॅचवर काम करून, आधी तेच वीस नमुने एकमेकांकडे पाठवून आकडे जुळतात का पाहिले, तर एकत्र आलेख करता येईल. परळला केईएमच्या आवारात असलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी अशा समन्वयासाठी सोयीची जागा आहे, असे आमचे मत. व्हँकुव्हर किंवा बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेचा आलेख उचलून त्यावर आपले आकडे टाकू नयेत. त्यांचा प्रोब, त्यांचा मापक, त्यांचे यंत्र वेगळे.

अहवालाचा अर्थ लावताना मुख्य भर लिम्फोसाइटवर ठेवा. लिम्फोसाइट वयाच्या १ ल्या पर्सेंटाइलखाली, आणि सहा गट मोजले असतील तर त्यांतले बरेचसे तसेच खाली, हे चित्र मुलांत आणि तरुणांत टेलोमियर विकाराच्या फार जवळ नेते. फक्त ग्रॅन्युलोसाइट आखूड आणि लिम्फोसाइट ठीक, हे कोणत्याही थकलेल्या मॅरोत दिसते. मिळवलेल्या अप्लास्टिक अनिमियातही. लिम्फोसाइट ५० व्या पर्सेंटाइलच्या वर असतील तर हे निदान जवळजवळ बाजूला ठेवता येते. १ ते १० मधला पट्टा कटकटीचा. चाळिशीच्या पुढे, विशेषतः फुप्फुस-फायब्रोसिसमध्ये, टर्टमधला खरा दोष असलेली माणसे याच पट्ट्यात सापडतात, त्यामुळे तिथे '१ च्या वर आहे म्हणजे नॉर्मल' असे म्हणू नये. अहवालावर 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' हे शब्द नकोतच. किलोबेसमधली लांबी, पर्सेंटाइल, आलेखावर रुग्णाचा ठिपका, जोड-ट्यूबमधला फरक, आणि रक्त काढल्यापासून किती तास झाले, एवढे हवे.

या पट्ट्यामुळेच क्यूपीसीआर इथे चालत नाही. १ ल्या आणि १० व्या पर्सेंटाइलमधले अंतर साधारण हजारभर बेस-जोड्यांचे असते. ज्या पद्धतीची स्वतःचीच चूक १० टक्क्यांच्या घरात जाते, ती सात किलोबेसवर सातशे बेस-जोड्या इकडेतिकडे करते. शिवाय डीएनए कॉलमने काढला की मिठाने, यावरही आकडा हलतो, आणि पॅनसायटोपेनियात (सगळ्या रक्तपेशी कमी असताना) पांढऱ्या पेशींचे मिश्रणच बदललेले असल्याने कोणत्या पेशीचे मोजले तेही सांगता येत नाही. हजारो लोकांच्या साथरोगशास्त्रीय अभ्यासाला ती पद्धत ठीक आहे. एका रुग्णासाठी वापरणे म्हणजे दुधाची तहान ताकावर, आणि ताकही आंबलेले. लाळेवरून 'जैविक वय' सांगणाऱ्या किटची तर इथे चर्चाही नको. सदर्न ब्लॉट अचूक आहे, पण तीन-एक मायक्रोग्रॅम चांगला डीएनए आणि काही दिवस लागतात, सबटेलोमियरचा तुकडा मापात मिसळतो, आणि पेशींचे गट वेगळे दिसत नाहीत. आपल्या मापकाची लांबी ठरवायला मात्र तोच लागेल. नॅनोपोर सीक्वेन्सिंगने एकेका गुणसूत्राच्या टोकाची लांबी वाचणारे काम २०२४ साली प्रसिद्ध झाले आहे. ते पुढे उपयोगी पडेल. आज त्याची वाट पाहत बसायचे कारण नाही.

लांबी आखूड निघाली की जनुकांची तपासणी, आणि तिथे एक फट हमखास राहते. टर्क हे प्रथिन न बनवणारे, आरएनएचे जनुक आहे. अनेक एक्झोम (प्रथिने बनवणाऱ्या जनुकभागांचे वाचन) किटमध्ये ते वाचलेच जात नाही. 'एक्झोम निगेटिव्ह' असा अहवाल आला तर टर्क पूर्ण वाचले का, पार्न या जनुकातली मोठी गळती शोधली का, हे प्रयोगशाळेला लेखी विचारा. टिन-एफ-२ या जनुकातले बदल एका छोट्या पट्ट्यात गोळा होतात आणि बहुधा आईवडिलांत नसतात, त्यामुळे कौटुंबिक इतिहास कोरा असला तरी मुलाला वगळू नये. मामे-आते भावंडांत लग्न झालेल्या घरात आरटीईएल-१, पार्न यांसारखे दोन्ही बाजूंनी येणारे प्रकार आधी मनात आणावेत. नुसता मुलगाच आजारी असेल तर डीकेसी-१. उलट, टर्टमध्ये अर्थ न लागणारा बदल सापडला आणि लिम्फोसाइट ६० व्या पर्सेंटाइलवर असतील, तर तो बदल दोषी ठरवण्याआधी दहादा विचार करावा. ठरावीक लक्षणे असूनही जनुक न सापडणारे रुग्णही आहेत. त्यांत लांबीचा अहवाल हाच मुख्य पुरावा उरतो.

दात्याची गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती टाळता येण्याजोगी चूक आहे. एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळवायचा ऊतीगट) जुळला, सीबीसी ठीक, भाऊ ठणठणीत, म्हणून त्याचा मॅरो घेतला जातो. तोच बदल त्याच्यातही असू शकतो, आणि मग स्टेमसेल नीट जमत नाहीत किंवा रुजत नाहीत. घरातला बदल माहीत असेल तर भावंडांची त्या एका बदलासाठी जनुकतपासणी करा, नुसत्या लांबीवर जाऊ नका. अशा घरात बदल नसलेल्या भावंडांचे टेलोमियरही आखूड असू शकतात, कारण आखूड टेलोमियर जनुकाशिवायही वारशाने येतात. बदल सापडलेला नसेल तेव्हाच लांबीवर निर्णय घ्यावा लागतो. म्हणून दात्याची ईडीटीए ट्यूब एचएलएच्या ट्यूबसोबतच काढा, प्रत्यारोपणाची तारीख ठरल्यावर नव्हे.

कार्यपद्धतीचा मसुदा, मागणीपत्रकाचा नमुना आणि अहवालाचा साचा आम्ही मराठीत व इंग्रजीत तयार करून देऊ. आपल्याकडून पहिल्या टप्प्यात दोन गोष्टी हव्यात: ८७ अंशांवर ट्यूबच्या आत स्थिर राहणारा बाथ, आणि महिन्याला दहा निरोगी नमुने देऊ शकणारा विभाग.

आपले,
रक्तविकार, फुप्फुसविकार आणि वैद्यकीय आनुवंशिकी या क्षेत्रांत काम करणारे काही सहकारी